दाढोबाची सोबत

माझी आत्या पालीला भिते. पाल दिसली की ती खुर्चीवर चढून मला हाका मारते आणि मी खालच्या मजल्यावरून झाडू घेऊन धावते. अशा बाईच्या घरात तिच्या मुलीने एके दिवशी सरड्याचं जिवंत पिल्लू आणलं. शेपटीसकट वीतभर, अंगभर काटे, आणि चेहरा असा की जन्मल्यापासून कुणावर तरी रुसलंय.

"याला दाढी असते, आई. चिडला की गळा फुगवतो, मग ती काळी पडते," माझी आतेबहीण म्हणाली. "तुला सोबत होईल."

"सोबतीला तू आहेस ना?" आत्या खुर्चीवरूनच म्हणाली.

"आहे की! दोघी मिळून वाढवू."

हे 'आहे की' मी माझ्या कानांनी ऐकलंय. दुकानदार मोठा, माणसाळलेला सरडा देत होता, पण हिला पिल्लूच हवं होतं. किती वर्षं जगतो ते हिने दोनदा विचारून घेतलं. दहा-बारा वर्षं म्हटल्यावर खूश झाली. आत्याने हे मला कौतुकाने सांगितलं.

आत्या एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री करते. हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. तिथे कुणी आपली इस्त्री उगाच दुसरीच्या हातात देत नाही. एखादी काम सोडून चालली, तरच नव्या मुलीला टेबलाशी उभी करते आणि म्हणते, "आज तू कर, मी बघते." हे वाक्य कानावर पडलं की बाकीच्या बायका समजतात, ही चालली. आत्याने अशा कितीजणींना निरोप दिलाय.

तर दाढीवरून पिल्लाचं नाव दाढोबा पडलं आणि त्याचा संसार थाटला. काचेची पेटी आली. एका टोकाला दिवा आणि त्याखाली दगड, दुसरं टोक गार, म्हणजे त्याला हवं तिथे बसता यावं. वर उन्हासारखा उजेड देणारी नळी. तळाला वाळू घालायची नाही, पिल्लू ती गिळतं. साधा कागद अंथरायचा. पहिले काही दिवस उचलायचं नाही, त्याला घराची सवय होऊ द्यायची. आत्या दगडावर हात ठेवून म्हणायची, "कोमटच आहे." इस्त्री करून करून तिचे तळवे एवढे निबर झालेत की तिच्या कोमटावर आपला पापड भाजला जाईल! बिचारा दाढोबा तोंड वासून गार टोकाला पळाला, तेव्हा कुठे तापमापक आणला.

आधी आत्याने फक्त कागद बदलला. मग पालेभाजी बारीक चिरायला घेतली. मग रातकिडे: पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा द्यायचा नाही, आणि देण्याआधी तो कॅल्शियमच्या पुडीत घोळवायचा. पालीला भिणारी माझी आत्या चिमट्यात जिवंत किडा धरून "ये रे राजा" म्हणायला लागली. पिल्लू पुढचा पाय उचलून हळूच हलवायचं. "टाटा करतोय बघ!" ती म्हणायची. तो टाटा नव्हता. 'मी लहान आहे, मला मारू नका' असं ते सांगत असतं, हे दुकानदाराने नंतर सांगितलं. आत्याचा चेहरा पडला.

एका संध्याकाळी मी तिथेच चहा पीत होते. आतेबहिणीने किड्यांचा डबा आणि चिमटा आत्याच्या हातात दिला, दिव्याचं बटण दाखवलं आणि मागे सरकून म्हणाली, "आज सगळं तू कर, मी बघते."

आत्याचा चिमटा हवेतच राहिला.

"कुठे चाललीस?" तिने विचारलं.

"कुठे म्हणजे?"

"मला नको शिकवूस. कुठे चाललीस?"

मग बाहेर पडलं. परदेशात नोकरी. पुढच्या महिन्यात निघायचं. आणि हे सगळं दाढोबा येण्याच्या आधीच ठरलेलं. अगं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? आई नाही म्हणाली असती का? माझा नुसता संताप झाला. रंग बदलतो म्हणून लोक उगाच सरड्याला नावं ठेवतात.

"तू एकटी पडू नयेस म्हणून केलं, आई," ती रडत म्हणाली.

"माझ्या जागी नवी मुलगी ठेवायची तशी तुझ्या जागी ही पाल ठेवलीस," आत्या म्हणाली. "आणि मी वेडी, तू घरात रमलीस म्हणून सगळ्या लाँड्रीला सांगत फिरले."

आतेबहीण परदेशात गेली. आता रोज फोन करते, समोर चित्र दिसतं तो फोन. आत्या तो काचेला टेकवून ठेवते आणि कामाला लागते. पलीकडून उंटावरून शेळ्या हाकणं चालतं: दिवा वर घे, पाणी बदल, खाल्लं का त्याने? फोनमध्ये दिसतो तो दाढोबा आणि चिमट्याचं टोक.

काल ती म्हणाली, "आई, तू दिसतच नाहीस गं. जरा समोर ये ना."

आत्याने एक किडा पुडीत घोळवला, नीट धरला.

"मी कशाला दिसायला हवी?" ती म्हणाली. "मी करते. तू बघ."