मास्तरांचा कोरा कागद

मास्तरांच्या बायकोचा, मार्थाबाईंचा, फोन आला तेव्हा मी गिरणीत ज्वारी दळत होतो. "मास्तर गेले," एवढंच म्हणाल्या. गिरणी बंद केली आणि पिठाच्या हातानंच निघालो. भूमजवळच्या आमच्या वाशीत शमुवेल मास्तरांचं घर आमच्या घराला लागून, मधे एक बुटकी भिंत. सारा जन्म त्या भिंतीवरून आम्ही भांडलो... आता दीड महिना झाला, पलीकडून कुणी "काय गिरणीवाले, आज कुणाशी वाजलं?" असं विचारत नाही. सकाळ लई जड जाते.

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. दर रविवारी ओसरीवर आठ-दहा ख्रिस्ती पोरांना धर्मशिक्षण द्यायचे. कागदाच्या बाबतीत महाचिक्कट माणूस! लग्नपत्रिकेची मागची बाजू, औषधाचं खोकं, एसटीचं तिकीट, काही सोडायचे नाहीत. सगळ्यावर बारीक अक्षरात टिपणं. एका धड्याला मात्र ते हमखास अडखळायचे. आदामानं देवाची आज्ञा मोडली, म्हणून त्याच्या वंशातलं प्रत्येक लेकरू ते पाप घेऊनच जन्मतं, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यानं ते धुतलं जातं. 'धुतलं जातं' म्हणताना आवाज खाली जायचा आणि मास्तर उगाच चष्मा पुसत बसायचे.

कारण मला ठाऊक होतं. लग्नानंतर अकरा वर्षांनी त्यांना मुलगी झाली होती. बाळंतपण माझ्या आईनंच केलं. पाचवीच्या दिवशी आई आपल्या रीतीनं हळदीचं बोट लावलेला कोरा कागद आणि पेन घेऊन त्यांच्याकडं गेली. सटवाई येऊन लेकराचं नशीब लिहिते, म्हणून पाळण्याखाली ठेवायचा. मास्तर भडकले. "मावशी, ही अंधश्रद्धा माझ्या घरात नको!" कागद चुरगळून खिशात कोंबला, चुलीत घालतो म्हणाले. आई डोळे पुसत परत आली. मला असा राग आला म्हणता!

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी तापानं फणफणली. भूमच्या दवाखान्यात न्यायला जीप मिळेपर्यंत दुपार होणार होती. बाप्तिस्म्यासाठी पाद्रीसाहेब रविवारी यायचे होते. पण जीवावर बेतलं तर घरातल्या कुणीही पाणी घालावं, चालतं, हे मास्तरच पोरांना शिकवायचे. त्यांनी तांब्या उचलला. मी दारातच उभा होतो. हात पाळण्यापर्यंत गेला... आणि थांबला. "आत्ता घातलं तर ती जाणारच, असं व्हईल," असं पुटपुटत त्यांनी तांब्या खाली ठेवला. जीप आली तोवर लेकरू गार पडलं होतं.

माती दिल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "मास्तर, सहा दिवसांचं लेकरू. त्याचं कसलं आलंय पाप?"

"धडा तसा हाय," ते म्हणाले. मग हाताची माती झटकत म्हणाले, "मावशीला अंधश्रद्धाळू म्हणालो, आन् अपशकुनाला म्याच भ्यालो. तिचं धुवायचं राहिलं ते माझ्यामुळं."

तेव्हापासून त्या धड्यावर माझा राग. कितीदा भिंतीवरून ओरडलो असेन, "तुमचा देव तान्ह्या पोरीवर डूख धरतो व्हय?" मास्तर हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत. शेवटच्या आठवड्यात कण्या घेऊन गेलो, तेव्हा पुन्हा विचारलं. मलाच ऐकायचं होतं, की पोरीचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी माझा हात धरला. "गिरणीवाले, एवढं एक विचारू नका." आता वाटतं, कशाला छळलं मी त्यांना...

गेल्या रविवारी मार्थाबाईंनी त्यांचं धर्मशिक्षणाचं पुस्तक माझ्या हातात दिलं. ते आपसूक त्याच धड्यापाशी उघडलं. समास टिपणांनी गच्च भरलेला, बोट ठेवायला जागा नाही. पानांत एक घडी घातलेला कागद होता, चुरगळून पुन्हा सपाट केलेला. कोपऱ्यात हळदीचं बोट, फिकटलेलं. आईचं.

मी तो उलटून पाहिला, उजेडात धरला. दोन्ही बाजू कोऱ्या.

"एकदा म्या त्याच्यावर किराणा लिहायला घेतला, तर हातातनं काढून घेतला त्यांनी," मार्थाबाई म्हणाल्या. "म्हणाले, पोरीचा हाय. कुणी काय लिहायचं न्हाय त्याच्यावर."