बिनडोळ्याचा पक्षी

थोरलीने आपल्या धाकट्या जावेकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, ते ती घरात आल्याच्या चौथ्या दिवशी. थोरली कामावरून दमून आली, तर ही ओट्याला टेकून मिठाच्या पांढऱ्या डब्यावर निळा पक्षी रंगवत होती. ना विचारणं, ना सांगणं.

"डबा माझा आहे," थोरली म्हणाली.

"हो ना. फार उघडाबोडका दिसत होता," असं म्हणून धाकटीने मान वर न करता पक्ष्याच्या पोटावरून ब्रश फिरवला.

थोरलीच्या मनात अढी बसली ती तेव्हाच. ती इस्पितळात केसपेपरच्या खिडकीत बसते. नाव, वय, पत्ता, "परत सांगा", हे तिचं दिवसभराचं बोलणं. त्या खिडकीपुढे भलेभले नरम पडतात. घरातली ही एवढीशी बाई मात्र नाकावर माशी बसू देत नव्हती.

तरी पुढची तीन वर्षं दोघींचं जमलं होतं, हे नाकारून चालणार नाही. धाकटी लाकडी पेट्यांवर पक्षी रंगवायची आणि चांगला फोन थोरलीकडे होता. तिने आपल्या नंबरवरून सोशल मीडियावर पेट्यांचं खातं उघडलं. फोटो तिचे, खालच्या दोन ओळीही तिच्याच. बघता बघता नऊ हजार माणसं जमली.

धाकटीची एक रीत होती. पक्षी दोन दिवसांत पुरा व्हायचा, पण डोळा सगळ्यात शेवटी, आणि त्यासाठी ती आठ-आठ दिवस थांबायची. "तो कुठे बघतोय ते कळल्याशिवाय डोळा काढू कसा?" म्हणायची. एकदा गिऱ्हाइकाने फोटोसाठी पिच्छा पुरवला, तेव्हा थोरलीने न विचारता अर्धवट पेटीचाच फोटो टाकून दिला. लोकांनी खिल्ली उडवली. आंधळा पक्षी अर्ध्या किमतीत द्या म्हणाले. त्या संध्याकाळी घरी पाहुणे बसलेले असताना धाकटी म्हणाली, "पक्षी नाही, फोटो काढणारी आंधळी आहे."

संपलं. थोरलीने वरच्या मजल्यावर वेगळी चूल मांडली आणि खातं होतं तिथेच सोडून दिलं. आठ वर्षं एकाच जिन्यावरून दोघी तोंडं फिरवून गेल्या.

यंदा दिराचा कारखाना बंद पडला आणि खालचं घर पेट्यांवर आलं. भेटवस्तूंच्या एका दुकानदाराने धाकटीला अख्खा कप्पा द्यायची तयारी दाखवली, पण एका अटीवर. "गिऱ्हाईक आधी फोनवर बघतं, बाई. तुमचं ते नऊ हजारांचं खातं जिवंत करा. चार माणसांचं नवं खातं मला दाखवू नका. शनिवारी संध्याकाळी बघतो, नाहीतर कप्पा मेणबत्तीवाल्याला." पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता. नवा घ्यायचा तर सहा आकड्यांचा कोड येणार थोरलीच्या फोनवर, आणि दहा मिनिटांत तो बाद होणार.

शुक्रवारी संध्याकाळी दीर गुडघा धरत वर आला. "वहिनी, तुमच्या फोनवर काही आकडे आलेत का?"

"आलेत."

"मग... सांगता?"

"ज्याला हवेत त्याला पाय आहेत ना, भावजी?"

थोड्या वेळाने धाकटी दारात उभी राहिली. हाताला हिरवा रंग, केस कसेतरी बांधलेले. "जाऊबाई, कोड द्या."

"आठ वर्षांनी तोंड उघडलं, तेही आकड्यांसाठी! आधी म्हण, की मी आंधळी नव्हते."

"होतात. डोळा नव्हता, आणि तुम्हाला ते दिसलं नाही."

"मग बस तशीच."

"बसते." आणि ती खरंच उंबऱ्यावर बसली. दहा मिनिटं गेली. तिने पुन्हा कोड मागवला. थोरलीचा फोन वाजला, पण थोरली भेंडी चिरत राहिली. असं पाच वेळा झालं. एक नमतं घेईना, दुसरी सांगेना. सहाव्यांदा धाकटीच्या फोनवर सूचना आली की खूपदा प्रयत्न झाले, आता उद्या दुपारी तीननंतर.

धाकटी उठली. "झालं समाधान? मेणबत्तीवाल्याला माझ्यातर्फे पेढे द्या," म्हणाली आणि जिना उतरली. खाली दार आपटलं. थोरलीला त्या रात्री भेंडी कडू लागली.

शनिवारी तीन वाजून सात मिनिटांनी खिडकीत फोन वाजला. समोर तीस-एक माणसांची रांग होती. थोरलीने पुढच्या म्हाताऱ्याला हातानेच थांबवलं आणि आठ वर्षांत पहिल्यांदा खालच्या मजल्याचा नंबर लावला.

"लिहून घे. चार, शून्य, नऊ, नऊ, दोन, सात. परत म्हण."

"चार, शून्य, नऊ, नऊ, दोन, सात."

"आणि एक ऐक. मी काही..."

फोन कट झाला होता.

घरी जाताना बसमध्ये तिने ते खातं उघडलं. बिनडोळ्याचा पक्षी होता तिथेच होता. पण खाली धाकटीने नव्याने लिहिलं होतं: "पेटी अपुरी होती. फोटो माझ्या जावेने विचारल्याशिवाय टाकला. चूक तिची." थोरलीचा पारा चढला. तिने तिथल्या तिथे खाली लिहिलं: "चूक माझीच. पण गिऱ्हाईक दारात उभं होतं आणि ही बाई आठ दिवस डोळा कुठे बघणार याचा विचार करत होती." दोन मिनिटांत उत्तर आलं: "विचार करते म्हणून पक्षी जिवंत दिसतो. केसपेपर नाही तो, खरडला आणि दिला." थोरलीने बसस्टॉप चुकवला, पण उत्तर चुकवलं नाही.

खात्यावरची जुनी माणसं जागी झाली. कुणी थोरलीची बाजू घेतली, कुणी धाकटीची. संध्याकाळी दुकानदार आला तेव्हा त्या एका फोटोखाली दोनशेवर लोक भांडत होते, आणि त्यातले सतरा जण पेटी कुठे मिळेल असं विचारत होते. त्याने चहाही घेतला नाही, कप्प्याची मापं लिहून दिली आणि गेला.

जावा अजून बोलत नाहीत. जे काही बोलायचं ते फोटोखाली, सगळ्यांसमोर. थोरली रंगाला नावं ठेवते, धाकटी तिच्या अकलेला. दिराने एकदा मध्ये पडून बघितलं, तर दोघी मिळून त्याच्यावर घसरल्या.

धाकटी आता आठवड्याला सहा पेट्या रंगवते, आणि तिचा नवरा त्यांना बिजागऱ्या बसवतो.