कल्हईवाल्याचे हात

सत्तरच्या दशकाच्या मध्यात सांगलीच्या एका इस्पितळात चार खाटांचा अतिदक्षता विभाग सुरू झाला आणि आम्हा सहा नर्सना तीन आठवड्यांचं प्रशिक्षण मिळालं. ऑक्सिजनचं सिलिंडर कसं उघडायचं, पडद्यावरची रेघ कशी वाचायची, सगळं शिकवलं. आजारात माणूस बरळायला लागला, नसलेलं बघायला लागला, तर काय करायचं याला मात्र एकच वाक्य होतं: हात बांधा आणि डॉक्टरांना कळवा. का म्हणून, असं एकीनंही विचारलं नाही. मीही नाही. त्याचा राग आजही येतो, आणि त्यातला निम्मा स्वतःवरचा आहे.

पहिल्याच महिन्यात पाटणकडचा एक कल्हईवाला न्यूमोनियानं दाखल झाला. साठीचा, किरकोळ अंगाचा माणूस. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला वात झाला. दोन्ही हात हवेत गरागरा फिरवायला लागला, त्यात सलाइनची सुई निघाली.

"मारायला उठलाय. बांध त्याला," मुख्य सिस्टर म्हणाल्या.

मी बँडेजनं त्याची मनगटं खाटेच्या दांडीला बांधली. गाठी घट्ट बसल्या म्हणून मला शाबासकी मिळाली.

त्याची बायको बाहेर बाकड्यावर बसून होती. नातेवाइकांना आत मनाई. हात बांधल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला अडवलं.

"हात लय फिरवतात, म्हणून बांधलेत," मी सांगितलं.

"कसं फिरवत्यात?"

मी करून दाखवलं. ती माझ्या हाताकडं बघतच राहिली.

"आवं सिस्टर, ते कुणाला मारत न्हाईत. कल्हई लावत्यात."

कुणालाही न विचारता मी तिला आत नेलं. त्याची बोटं सुजून काळीनिळी पडली होती. बँडेज सोडलं तर खालची कातडी निघाली. त्याचा हात पुन्हा फिरायला लागला, तशी ती कानाशी वाकली.

"झालं की भांडं. बेस चकाकतंय. आता निवू द्या."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "निवलं का?"

"निवलं."

हात खाली आला. दोन दिवस आमच्याकडून घोट न घेणारा माणूस तिच्या हातून पाणी प्यायला.

मला मेमो मिळाला. मी मुख्य सिस्टरना म्हटलं, "त्याच्या बोटांचं काय?"

"जिवापेक्षा बोटं मोठी का?"

मी मेमोवर सही केली. दोन्हींतलं एकच निवडा, असं त्यांना सांगितलं होतं कुणी? बाहेरच्या बाकड्यावर तीन दिवस उत्तर बसून होतं आणि आम्ही दार लावून घेतलं होतं.

तो जगला. पण उजवा अंगठा आणि दोन बोटं बधिर झाली ती झालीच. सांडशी काही धरता येईना. घरी जाताना त्यानं मला हात जोडले, "लय केलंत" म्हणाला. हात कुणी बांधले ते त्याला आठवत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

पुढं साताऱ्यात नव्या मुलींना शिकवायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा मी पहिल्याच दिवशी हे सांगितलं. बांधले मी, असंच सांगितलं. बरळणाऱ्याच्या घरच्या एका माणसाला आत बसवायचं, हा नियम तिथं भांडून करून घेतला.

एका मुलीनं विचारलं, "बाई, आणि त्यानं सुई उपसून काढली तर?"

"परत लावायची," मी म्हटलं. "दहादा काढली तर दहादा. त्यासाठीच तर आपण तिथं उभ्या असतो."