क्षय नाही

काका पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात त्यांचा खोकला तीन महिने टिकला आणि थुंकीत रक्त दिसले, तेव्हा निदानाची वाट कोणी पाहिली नाही. रक्त म्हणजे क्षय. त्यांची ताटवाटी वेगळी झाली, अंथरूण मळ्यातल्या खोपीत गेले. मुलीचे लग्न ठरत आले होते आणि क्षयाच्या घरातली मुलगी कोणी करून घेत नसे.

लढाईचे दिवस होते. मी साताऱ्याच्या एका साप्ताहिकात बातम्या लिहीत होतो. मार्गशीर्षात रजा काढून मी काकांना सांगलीच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीसमोर धरला.

"हा क्षय नाही. फुफ्फुसात कर्करोगाची गाठ आहे. मुंबईला किरणांचे उपचार होतात. गुण येईलच असं नाही."

खर्चाचा त्यांनी अंदाज सांगितला. बैलजोडी आणि लग्नासाठी केलेले सोने, दोन्ही विकावी लागली असती.

"आन् काईच न्हाई केलं तर?" काकांनी विचारले.

"होळीपर्यंत."

परतीच्या गाडीत काका म्हणाले, "घरी पयलंच वाक्य सांगायचं. फुडचं न्हाई."

"काकींना तरी सांगू."

"ती उद्याच बैलं बाजारात न्हील. लगीन मोडंल आन् मी बी जाईन. लढाईच्या बातम्या निम्म्याच छापता न्हवं तुमी? ही बी तशीच छाप."

मी पहिले वाक्य सांगितले. काकींनी शेजारी साखर वाटली. अंथरूण घरात आले.

चौथ्या दिवशी मुलाचे वडील आले. मुद्दाम काकांना खेटून बसले.

"डागदर काय म्हणला?"

"क्षय नाही," मी म्हणालो.

"लय बेस झालं. मग ठरवून टाकू. पोरगं फौजेत हाय, रजा वैशाखात मिळंल."

होळी फाल्गुनात. वैशाख त्यानंतर दोन महिन्यांनी.

"त्याआधी नाही जमणार?" मी विचारले.

"का? घाई कशाची?" त्यांनी मान वळवून काकांना पुन्हा एकदा नीट न्याहाळले. काकांनी ओठ घट्ट मिटून खोकला आत दाबला. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. मग श्वास सुटला.

"घाई न्हाई," काका म्हणाले. "वैशाख चालंल."

काकींनी आनंदाने तबक पुढे केले. पाहुण्यांनी सुपारी फोडली.