बटाटा नसलेली मेजवानी

जर्मनीत वोल्फ्सबुर्गला आल्यावर ऑफिसमधल्या एका मैत्रिणीच्या नादाने मी एका फेराइनमध्ये, म्हणजे मंडळात, शिरले. तिथली हौशी माणसं सुट्टीच्या दिवशी मध्ययुगातल्यासारखी राहतात. लांब झगा घालून तंबूत बसायचं, एवढंच काम असेल असं मला वाटलं होतं. पण भारतीय बाई म्हटल्यावर मेजवानीचा स्वयंपाक माझ्या गळ्यात पडला. वर माणसं कमी म्हणून फाटकावरची ड्यूटीही.

नियम एकच. कोलंबसाच्या आधी युरोपात जे नव्हतं, ते पातेल्यात जायचं नाही. म्हणजे बटाटा नाही, टोमॅटो नाही, मिरची तर नाहीच. मग चव कुठून आणायची, हे मात्र नियम करणाऱ्यांना कुणी विचारत नाही.

यंदाही सकाळपासून मी फाटक सांभाळत होते आणि मधेच पळत जाऊन चुलीवरचं वाटाण्याचं सूप ढवळत होते. एकीने हौसेने आणलेलं बटाट्याचं सॅलड मीच परत पाठवलं. सगळे जेवून उठले तेव्हा माझ्यासाठी सूपही उरलं नव्हतं.

पाय दुखत होते. मी पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले, नवऱ्याने दिलेला डबा उघडला आणि पोळीबरोबर बटाट्याची भाजी खायला लागले. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. आमचे अध्यक्ष, तेच ते नियम करणारे. मी डबा झग्याखाली सरकवला आणि काच खाली केली.

"पुढच्या वर्षीही स्वयंपाक तूच बघशील ना?"

नाही म्हणायचं मी दुपारीच ठरवलं होतं. पण तोंडात बटाटा होता. मी मान डोलावली.