अंबाड्यातलं निळं काहीतरी

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही पूर्ण नाही. शिवाय मी कुठे काही लिहीत नाही, शाळाही इंग्लिश मीडियमची... तेव्हा चुका सांभाळून घ्या.

आम्ही शहापूरजवळ सापगावला राहतो. माझी आत्या मुरबाड तालुक्यात. ती धवलारीण — आमच्याकडे हळदीपासून लग्नाचे विधी जिच्या गाण्यावर चालतात, ती बाई. ते गाणं म्हणजे धवला. मागच्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि गाणं बंद झालं. शिकायला कधी कोणी बसलंच नव्हतं. "माझ्यासंगं सपलं," एवढंच ती घोगऱ्या आवाजात म्हणायची.

म्हणून मी तिने गायलेल्या लग्नांचे फोटो-व्हिडिओ नीट लावायला घेतले. सगळे नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर आलेले, त्यामुळे खरी तारीख कशालाच नाही. मी खुणा शोधायला लागले. मांडवावर जांभळाचा पाला असेल तर जुनं लग्न, शामियान्याचं कापड असेल तर अलीकडचं. आत्याची मुलगी रेश्मा कुठे फ्रॉकमध्ये, कुठे ओढणीत. व्हिडिओ तर पुन्हा पुन्हा ऐकावे लागायचे, कारण धवल्यात नवरीचं आणि तिच्या घरच्यांचं नाव गुंफलेलं असतं. नाव कळलं की लग्न कळायचं.

शेवटी एकच फोटो उरला. तांदळाच्या पिठाने जमिनीवर काढलेल्या चौकाजवळ बसलेली धवलारीण, पाठमोरी. आत्याची हिरवी साडी, पदराला पिवळ्या दोऱ्याचं रफू. मांडवाच्या खांबाला लाल टॉवेल. फोटो जरा हललेला, अंबाड्यात निळं काहीतरी — फूल असावं. मी तो रेश्माला पाठवून विचारलं, कुणाचं लग्न?

तिचा मेसेज आला, "म्हायत नाय. पण आईच ती. आईची पाठ वळखत नाय काय गो?"

मी तो "तारीख माहीत नाही" या फोल्डरमध्ये टाकून दिला.

पुढे काही महिन्यांनी रेश्माचंच लग्न ठरलं. हळदीच्या सकाळी माझ्या ड्रेसवर हळदीची वाटी सांडली, म्हणून आत्याने तिची हिरवी साडी मला नेसवली. धवल्याचं काय? काका म्हणाले, रेकॉर्डिंग लावू. आत्याने हातानेच थांबवलं.

"त्याच्यात दुसरीचं नाव हाय. माझ्या पोरीला दुसरीच्या नावानं हलद लावता?"

रेश्मा पाटावर मान खाली घालून बसलेली. आत्या तिच्याकडे बघेना... मी चौकाजवळ जाऊन बसले. चारचौघांत मला स्वतःचं नाव सांगायला जड जातं. पण व्हिडिओ ऐकून पाठ झालेली पहिली ओळ तोंडून निघून गेली.

"इंग्लिश मीडियम धवला म्हणतंय!" मागून एक मावशी म्हणाली. हशा झाला. "कुवारी पोर ना ती अजून?" तीच पुढे म्हणाली.

मी थांबले नाही. नावाची जागा आली, तिथे रेश्माचं नाव घातलं, आत्याचं घातलं. तेव्हा त्याच मावशीने पहिल्यांदा माझी ओळ उचलली. मग सगळ्या बायकांनी.

संपल्यावर केस सारखे करायला हात मागे गेला आणि हाताला पेन लागलं. मला अंबाड्यात पेन खोचायची सवय आहे. निळं. समोरच्या खांबाला लाल टॉवेल होता.

रेश्माच्या मोबाईलवर त्या फोटोचा जुना मेसेज अजून होता, तारखेसकट. लग्न ठरण्याच्याही आधीचा. आणि त्या सकाळी माझ्या पाठीमागे घराची भिंत होती. तिथून फोटो काढायला माणूस उभा राहणार कुठे?

आत्याने फोटो जवळ धरून बराच वेळ बघितला.

"ही मी नाय," ती म्हणाली. "एवढी ताठ मी कदी बसली नाय, बाय."

तो कुणाच्या फोनमधून आला, हे मी प्रत्येकाला विचारलं. कोणालाच आठवत नाही. मलाही अजून काही सुचलेलं नाही. फोटोला मात्र मी रेश्माच्या हळदीची तारीख टाकली. ते फोल्डर आता रिकामं आहे.

परवा सापगावातल्याच एका घरातून हळदीला धवला म्हणायचं बोलावणं आलं. पेन काढून जायचं की तसंच... ठरवलेलं नाही. आत्या म्हणते, राहू दे खोचलेलं.