बाबांचे कान आणि फाइव्ह पॉइंट वन

आमच्या घरचं होम थिएटर मी पूर्ण अभ्यास करून निवडलं. अभ्यास म्हणजे, ठाण्यात खोपटला एका दुकानातला सेल्समन बोलत होता आणि मी "हो, ते माहीत आहे" म्हणत होतो.

कारण होतं बाबांचे कान. टीव्हीवरची माणसं काय बोलतात ते त्यांना कळेनासं झालं होतं, आणि तपासून घ्यायला ते तयार नव्हते. त्यांच्या मोठ्या भावाला कानाचं मशीन लागलं, तेव्हापासून घरात त्यांना कुणी काही विचारेनासं झालं म्हणे. "मशीन लागलं की माणूस मोडीत," बाबा म्हणायचे. मी म्हटलं, "बाबा, कान ठीक आहेत. टीव्हीचाच आवाज बारीक आहे."

सेल्समन म्हणाला, "सर, फाइव्ह पॉइंट वन घ्या. दोन पुढे, दोन मागे, हा धडधडणारा सबवूफर आणि मधला सेंटर स्पीकर. डायलॉग सगळे ह्याच्यातून."

"माहीत आहे," मी म्हणालो. (नव्हतं.)

शनिवारी डोंबिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये सहा डबे बसले आणि रविवारी आईने त्यांना कव्हरं शिवली. आमच्याकडे नवी वस्तू उघडी राहत नाही. मिक्सरला कव्हर, रिमोटला कव्हर, टीव्हीच्या पाठीला स्पीकरसकट कव्हर. कव्हरं ठेवायच्या पिशवीलाही कव्हर आहे! ही तर महागाची वस्तू, म्हणून आईने जुन्या गोधडीचं जाड कापड घेतलं आणि खाली इलॅस्टिक घातलं. मला ती फार आवडली.

संध्याकाळी बाबांची मालिका लावली. सासूने दार आपटलं तर आमचं कपाट हादरलं. पण सासू बोलली काय, ते कुणालाच कळेना. मी आवाज वाढवला. खालचे पाटीलकाका वर आले.

"कोनाची हलद हाय रं? आमाला आवतन नाय?"

चार दिवस मी मूव्ही मोड, व्हॉइस मोड, नाईट मोड सगळं फिरवून पाहिलं. बायको, मानसी, मधेमधे "अहो, ते कव्हर..." म्हणायची. मी म्हणायचो, "थांब गं, सेटिंग बघतोय."

चौथ्या दिवशी बाबांनी स्वतःच टीव्ही बंद केला. "राहू दे रे. गेले माझे कान. घे डॉक्टरची वेळ." इतक्या हळू म्हणाले की मला भरून आलं.

ठाण्याच्या डॉक्टरांनी बाबांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि म्हणाले, "आजोबा, कान उत्तम आहेत. मशीनबिशीन काही नको." बाबांनी त्यांना ते पुन्हा एकदा, मोठ्याने सांगायला लावलं. माझा जीव भांड्यात पडला.

"मग टीव्ही का ऐकू येत नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"स्पीकरला गोधडी घातलीय," मानसी म्हणाली. "चार दिवस ह्यांना सांगतेय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही पण बसा आत."

घरी येऊन आधी सेंटर स्पीकरचं कव्हर काढलं. सासू खणखणीत बोलू लागली. बाबांनी दोन मिनिटं ऐकलं. "इतकं वाईट बोलते ही? बंद कर."

आता बाबा त्यांचा रिपोर्ट येईल-जाईल त्याला दाखवतात. माझेही कान नॉर्मल निघाले. तो रिपोर्ट मात्र मानसीने अजून मान्य केलेला नाही.